ती लचक नव्हती

माझ्या सासूबाई पायाळू आहेत. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी त्यांचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं आमच्याकडे मानतात. कुणाच्या कमरेत लचक भरली, पाठीत चमक निघाली, की त्याने पायाळू माणसापुढे पालथं झोपायचं आणि पायाळूने दुखऱ्या जागेवरून आपला पाय हलकेच फिरवायचा. फुलसावंगीत असे पाय आणखीही दोघा-तिघांचे असतील, पण गर्दी आमच्याच ओट्यावर. कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया, पोती उचलणारे हमाल, एकदा तर बँकेतले एक साहेबही शर्ट वर करून निमूट पालथे झोपले होते. सासूबाई कुणाकडून काही घेत नाहीत. आलेल्याला चहा मात्र मला करावा लागतो, त्यामुळे गावात कुणाची कंबर वरचेवर धरते ते मला पाठ आहे.

हे आधी सांगितलं, कारण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी कपडे शिवते. लिहिणं हा माझा धंदा नाही. सम्यकच्या डॉक्टर केतकी मॅडम म्हणाल्या, तुम्ही जे भोगलं ते लिहा, एखाद्या आईला उपयोग होईल. म्हणून बसले. सम्यक माझा मुलगा. त्याला हिमोफिलिया आहे. रक्त निघालं की ते लवकर थांबत नाही, असा हा आजार. माझा नवरा प्रवीण मोटर वायंडिंगचं दुकान चालवतो, शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, इथे नावाने लिहिणार आहे. त्याला विचारलं, चालतं म्हणाला.

डाग

सम्यक रांगायला लागला तसे त्याच्या गुडघ्यांवर निळे डाग दिसायला लागले. उभा राहिला तसे नडगीवर, कोपरावर, कधी बरगडीवर. मला वाटायचं पोरगं उपद्व्यापी आहे, आपटत असेल. मी त्याच्या पँटींना आतून गुडघ्यावर जुन्या गोधडीचे तुकडे शिवून टाकले. सगळे हसायचे. गुडघे फुगलेला तो चालायचा तेव्हा मीही हसायचे.

एक दिवस अंगणवाडीच्या ताईंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, घरी कुणी हात उचलतं का. माझ्या डोक्यात सणक गेली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, त्या बाईने निदान डाग नीट पाहिले तरी. आम्ही रोज पाहत होतो, म्हणून आम्हाला ते दिसत नव्हते.

वरचा ओठ आतून फाटला तेव्हा रक्त सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत येत राहिलं. हळद दाबली, साखर दाबली. शेवटी थांबलं आणि आम्ही विसरून गेलो. मुलं आहेत, लागणारच, असं सगळे म्हणायचे आणि मला तेच ऐकायचं असायचं.

घसरगुंडी

तो पहिलीत होता. शाळेतल्या घसरगुंडीवरून उतरताना पाय फाकला, एवढंच त्याने सांगितलं. घरी आला तो म्हाताऱ्यासारखा कमरेत वाकून. कुठे दुखतं विचारलं तर जांघेवर हात ठेवला. बघितलं तर काही नाही. सूज नाही, डाग नाही, खरचटलेलंही नाही. पाय मात्र सरळ होईना.

सासूबाईंनी दोन बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, लचक भरली. यात कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. सगळं गाव ज्यांच्याकडे लचक काढायला येतं, त्या घरातल्याच. आपल्या नातवासाठी त्यांनी हात-पाय जास्तच निगुतीने धुतले. त्याला ओट्यावर झोपवून कमरेवरून पाय फिरवला. मग कोमट तेलाने जांघ चोळली आणि पाय हळूहळू सरळ करायला गेल्या. सम्यक असा किंचाळला की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली.

"थोडं दुखतेच बाप्पा, लचक निघताना," सासूबाई त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या.

तो रडत रडत झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा त्याचा चेहरा भिजवलेल्या कणकेसारखा पांढुरका दिसत होता. पोटात खाली दुखतं म्हणायला लागला. पाणी प्यायलं की उलटी. प्रवीणने मित्राची गाडी आणली आणि आम्ही महागावला निघालो. सासूबाई न विचारता मागच्या सीटवर बसल्या आणि वाटभर सम्यकचे तळपाय चोळत राहिल्या.

महागावचे डॉक्टर आधी म्हणाले, अपेंडिक्स दिसतंय, ऑपरेशन लागेल. मग त्यांनी तपासायला रक्त घेतलं. सुई काढल्यावर कापूस लावला, पण त्या जागी बघता बघता लिंबाएवढा काळानिळा फुगवटा आला. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मला विचारलं, असं आधी झालंय का. मी गुडघ्यांचं सांगितलं, ओठाचं सांगितलं. त्यांनी ऑपरेशनचं नाव काढणं बंद केलं, कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता यवतमाळला निघा, वाटेत कुठेही थांबू नका, कुणाला इंजेक्शन देऊ देऊ नका. त्या डॉक्टरांनी तेव्हा घाई केली असती तर काय झालं असतं, हे मला पुढे कळलं. आजही दिवाळीला मी त्यांना फराळाचा डबा पोचवते.

मामा किती?

केतकी मॅडम लहान मुलांच्या रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर. त्या नागपूरहून ठरावीक दिवशी यवतमाळला येतात. तो दिवस त्यांचा होता, हे आमचं नशीब. पायात खेळाचे बूट, केस कसेतरी वर बांधलेले. मला आधी त्या शिकाऊ मुलींपैकीच वाटल्या.

पलंगाच्या कडेला बसून त्यांनी सम्यकला बरंच काही विचारलं, आणि माझ्याकडे वळून एकदम म्हणाल्या, "ताई, तुम्हाला मामा किती?"

मला वाटलं ओळख काढतायत. म्हटलं, एक आहे, आर्णीला असतो. आणखी एक होता, लहानपणीच गेला. कशाने गेला? दात काढला होता, मग रक्त येत राहिलं. माझी माय सांगायची की त्याला दृष्ट लागली, फार गोरा होता म्हणे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं. रक्त गोठायला त्यात काही घटक लागतात, त्यातला एक सम्यकच्या रक्तात फार कमी आहे असं दिसतंय. त्याला फॅक्टर म्हणतात. तपासणी येईल, पण तिची वाट न बघता उपचार सुरू करायचा. हा आजार जन्माचा आहे, मुळातून जात नाही, पण जे कमी आहे ते बाहेरून शिरेतून देता येतं. पाय फाकला तेव्हा कमरेच्या आतल्या स्नायूत रक्त सुटलं. ते आत साचत गेलं, म्हणून वरून काही दिसलं नाही.

"माह्या मायनं चोळून देल्लं होतं," प्रवीण म्हणाला. "त्यानं काही झालं का?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, चोळल्याने रक्त वाढतं, पण सुरुवात त्याने झालेली नाही, आणि आजार तर मुळीच नाही.

प्रवीणने यातलं अर्धंच ऐकलं. तो तरातरा व्हरांड्यात गेला. तिथे सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्याच्या मागे धावले, पण तोवर त्याचं बोलून झालं होतं.

"तुह्या पायानं माहं पोरगं मेलं असतं, माय."

सासूबाईंनी दोन्ही पाय लुगड्याच्या आत ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी तपासणी आली आणि मॅडमनी नक्की सांगितलं, हिमोफिलियाच. आणि हेही सांगितलं की हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला त्रास नसतो, तिला माहीतही नसतं. माझा तो मेलेला मामा, माझी माय, मी आणि सम्यक, अशी रेघ त्यांनी कागदावर काढून दाखवली. सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. कालपर्यंत सगळा दोष त्यांच्या पायाचा होता, आता तो माझ्या माहेरचा निघाला. एक वाक्य त्यांनी म्हटलं असतं तर मला ते जन्मभर पुरलं असतं, आणि म्हणायचा त्यांना पुरता हक्क होता. मी खाली बघून वाट पाहत राहिले.

"म्हणजे हिच्या मायले बी ठाव नोहतं?" सासूबाईंनी मॅडमना विचारलं.

"नाही. कुणालाच नव्हतं."

"मंग हिचा काय दोष?"

मॅडम म्हणाल्या, "कुणाचाच नाही. तुमचाही नाही, आजी." पण सासूबाई तोवर खिडकीकडे वळल्या होत्या. माझ्यावरचा दोष त्यांनी एका वाक्यात काढून टाकला, स्वतःवरचा काही त्यांना काढता आला नाही.

वॉर्डातले दिवस

मुलांच्या वॉर्डात सकाळ फिनाइलच्या वासाने होते. मग सिस्टर फॅक्टर द्यायला येतात, मग फिजिओथेरपीवाले, मग दूध-बिस्किटं. पहिले काही दिवस सम्यक पाय पोटाशी घेऊनच पडून होता. रात्रंदिवस मला एकच भीती, हा पाय असाच राहणार का. मी देवधर्म करणाऱ्यातली नाही. आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, त्यांच्यापुढे मी कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवसांत मागत होते. बुद्ध रागावले नसतील अशी आशा आहे.

केतकी मॅडम आल्या की लगेच तपासायच्या नाहीत. आधी सम्यकला विचारायच्या, "आज कुठले कुठले डाग?" तो एकेका डागाला गावाचं नाव द्यायला लागला. नडगीवरचं आर्णी, कोपरावरचं महागाव, रक्त काढलेल्या जागेचं यवतमाळ, कारण ते सगळ्यात मोठं. मॅडम विचारायच्या, आर्णी पिवळं पडलं का, महागावला नवी वस्ती वाढली का. त्या निमित्ताने सगळं अंग तपासून व्हायचं आणि पोराला कळायचंही नाही.

शेजारच्या पलंगाशी बाभुळगावची एक बाई होती. तिचा मुलगा मोठा, हाच आजार. त्याचा एक गुडघा पुरता वाकत नव्हता. ते लोक वेळेवर पोचायचे नाहीत, प्रत्येक वेळी एक-दोन दिवस निघून जायचे, आणि सांध्यात रक्त साचून साचून गुडघा खराब झाला. तिने मला कळकळीने सांगितलं, "बाई, उशीर नको करू. बाकी सगळं करता येते, गेलेला गुडघा वापस नाही येत."

सम्यकचा पाय आस्ते आस्ते खाली आला. जमिनीवर टेकला त्या दिवशी मी संडासात जाऊन रडले. वॉर्डात रडायला तेवढीच एक जागा असते.

गाव सोडायचं का?

सुट्टीच्या आधी मॅडमनी आम्हा दोघांना बसवलं. म्हणाल्या, रक्त सुटलं की फॅक्टर जितकं लवकर जाईल तितकं चांगलं, तासा-दोन तासांत. फुलसावंगीहून यवतमाळला यायला, बस वेळेवर मिळाली तरी, अर्धा दिवस मोडतो. तेव्हा एक तर यवतमाळला राहायला या, नाही तर घरातल्या कुणीतरी शिरेत सुई द्यायला शिका. औषध दवाखान्यातून मिळेल, घरच्या फ्रीजमध्ये ठेवता येईल. पण शिकल्याशिवाय द्यायचं नाही.

यवतमाळला यायचं म्हणजे प्रवीणचं दुकान, माझं शिवणकाम, सम्यकची शाळा, सगळं उचलायचं. आणि सासूबाईंना? त्या गावाबाहेर राहणाऱ्यातल्या नाहीत.

सगळ्यांना वाटलं प्रवीणला जमेल. केसाएवढी तांब्याची तार तो मोटारीत अशी बसवतो की बघत राहावं. पण मॅडमची पद्धत अशी, की मुलाला हात लावायच्या आधी मोठ्या माणसाच्या हातावर शिकायचं, सिस्टरच्या देखरेखीखाली, नुसतं सलाईनचं पाणी घेऊन. बहुतेक नवरा-बायको एकमेकांवर शिकतात. प्रवीणने माझा हात धरला, सुई जवळ आणली, आणि स्टुलावरून सरळ खाली आला. चक्कर. मग उलटं करून पाहिलं, मी टोचणार, तो बसणार. त्याने तोंड फिरवलं, डोळे मिटले, घामाने शर्ट भिजला, आणि माझी सुई टेकताच हात खेचून पुन्हा स्टुलावरून खाली. सिस्टर म्हणाल्या, यांना आधी स्टुलावरून उठवा, मग बाकीचं बघू.

बरेच आठवडे असेच गेले. इतरांच्या हातांवर शिकता येईना, कारण कुणी हात देईना. माहेरी विचारलं, भाऊ म्हणाला येतो, आणि आला नाही. शेवटी आम्ही यवतमाळला खोली बघितली. खिडकी नालीवर उघडत होती. प्रवीण म्हणाला, सवय होईल.

इकडे घरी वेगळंच चाललं होतं. सासूबाईंनी गावातल्या लोकांवर पाय फिरवणं बंद केलं. कुणी कंबर धरून आलं की म्हणायच्या, "आता नाही होत, दवाखान्यात जा." चहा वाचला, पण ओटा ओस पडला. ते तरी मला समजत होतं. पण त्या सम्यकला हात लावेनाशा झाल्या. तो मांडीवर चढायला गेला की त्या दोन्ही हात वर धरायच्या, जणू पीठ लागलंय. जेवण वाढायच्या, गोष्ट सांगायच्या, पण हाताच्या अंतरावरून. एकदा त्याने मला विचारलं, "मम्मी, आजी माह्यावर रुसली काय?" मी प्रवीणला म्हटलं, आईंशी बोला. तो म्हणाला, काय बोलू? मायलेक दोघेही एकाच मातीचे, हट्टी.

खोली पक्की करायला जायचं त्या सकाळी मी स्टँडवर पोचले, तर सासूबाई माझ्याआधी येऊन उभ्या. इस्त्रीचं लुगडं नेसलेल्या. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, तुह्यासंगं. मला वाटलं खोली बघायची असेल. यवतमाळला उतरल्यावर मात्र त्यांनी दवाखान्याची वाट धरली. थेट सिस्टरपुढे जाऊन बसल्या आणि पोलक्याची बाही कोपराच्या वर सरकवली.

"इले माह्या हातावर शिकवा."

मी म्हटलं, आई, तुम्ही कशाला, दुखेल. मॅडमनाही बोलावलं. त्यांनी सासूबाईंचं ब्लडप्रेशर, साखर सगळं बघितलं, आणि कुणी जबरदस्ती तर केली नाही ना, हे मला बाहेर पाठवून विचारलं. मी पडद्यामागे उभी राहून ऐकत होते.

"मॅडम," सासूबाई म्हणाल्या, "माहं रक्त आपोआप थांबते. त्याचं नाही थांबत. मंग पोरीनं शिकाचं कोणावर?"

त्या दिवशी आम्ही खोली पक्की करायला गेलोच नाही.

सासूबाईंच्या शिरा

म्हाताऱ्या माणसाच्या शिरा सुईखाली सरकतात. मी टोचायचे, शीर बाजूला निघून जायची. सिस्टर म्हणायच्या, यांच्यावर जमलं तर कुणावरही जमेल. सुई शिरेत बरोबर गेली की मागच्या बारीक नळीत थोडंसं रक्त येतं, तीच खूण. ते येईना. कधी सुई आरपार जायची आणि जागा निळी पडायची. मी रडकुंडीला यायचे. सासूबाई मात्र हालायच्या नाहीत. समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत बसायच्या. वाचायला त्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकल्यात. सगळ्या लशी त्यांना पाठ झाल्या.

आम्ही दर आठवड्याला जायचो. परतीच्या बसमध्ये एकदा शेजारच्या बाईने त्यांच्या हातावरचे डाग पाहिले आणि विचारलं, मावशी, हे कोणं केलं?

"सुनंनं," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

अर्धी बस माझ्याकडे वळून बघत होती. मी आर्णीपर्यंत मान वर केली नाही. सासूबाईंच्या तोंडावर त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसू पाहिलं, म्हणून मीही खुलासा केला नाही.

एक दिवस जेवताना भाकरी वाढायला त्यांनी हात पुढे केला आणि बाही वर सरकली. प्रवीणने तो हात पाहिला. निळे, जांभळे, पिवळे डाग, अगदी सम्यकच्या अंगावर असायचे तसे. तो ताटावरून उठला, फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून आणला आणि आईच्या हातावर धरून बसला. तोंडाने माफी मागणं आमच्या घरातल्या पुरुषांना जमत नाही. बर्फ वितळेपर्यंत तो तिथून हालला नाही, आणि सासूबाईंनीही हात काढून घेतला नाही.

शेवटी एकदा नळीत रक्त आलं. मग पुन्हा आलं. सिस्टरनी होकार दिल्यावर मी पहिल्यांदा सम्यकला टोचलं, दवाखान्यातच. त्याचा हात सिस्टरने धरला होता. प्रवीणने औषध कालवायचं काम घेतलं. सुईकडे तो अजूनही बघत नाही, पण बाटलीत फेस न होऊ देता औषध विरघळवणं त्याच्यासारखं कुणाला येत नाही.

आयांसाठी

थोडं कामाचं सांगते. मुलाच्या अंगावर कारण नसताना डाग उठत असतील, दात पडल्यावर, ओठ फुटल्यावर रक्त थांबत नसेल, तर रक्ताच्या डॉक्टरला दाखवा. माहेरचं कुणी लहानपणी रक्त जाऊन गेलं असेल तर ते डॉक्टरला सांगा, लपवू नका. ज्याला हा आजार आहे त्याचा दुखरा सांधा चोळू नका, शेकू नका. बर्फ लावा, पाय उंच ठेवा आणि औषध मिळेल तिथे पोचा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका. शाळेतल्या बाईंना नीट समजावून सांगा, नाहीतर त्या पोराला दिवसभर बाकावर बसवून ठेवतात. आणि जाऊ, नणंद, शेजारीण, कुणी 'तुझ्याकडून आलं' म्हणालं तर खुशाल हो म्हणा. डोळ्यांचा रंगही माझ्याकडूनच आलाय.

घरची पहिली सुई

त्या सकाळी सम्यक शाळेचे बूट घालताना थांबला. म्हणाला, घोट्यात मुंग्या येऊन राह्यल्या. सूज नव्हती, काहीच नव्हतं. आधीचे आम्ही असतो तर म्हटलं असतं, शाळा बुडवायचे बहाणे. पण मॅडमनी शिकवलं होतं, मुलाला आधी कळतं, त्याचं ऐका.

प्रवीणने औषध काढलं, कालवलं, माझ्या हाती दिलं आणि पाठ करून उभा राहिला. मी हात धुतले, सम्यकच्या दंडाला पट्टा बांधला. आणि तेव्हा त्याने हात मागे घेतला. इथे सिस्टर नव्हत्या, मॅडम नव्हत्या. मी समजावलं, रागावले, मोबाइल देते म्हटलं. तो मान हलवत राहिला. वेळ चालला होता. मला बाभुळगावच्या त्या मुलाचा गुडघा दिसायला लागला.

"आजी धरन तर," सम्यक म्हणाला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या दोन पावलं मागे सरकल्या. "मी नाही बाप्पा. तुह्या पप्पाले म्हण."

"पप्पा पडते."

प्रवीणने भिंतीकडे तोंड करूनच म्हटलं, "धर ना, माय."

त्या हळूहळू आत आल्या आणि त्याच्याजवळ बसल्या, पण हात मांडीवरच ठेवले. सम्यकने त्यांची बाही वर सरकवून बघितली. डाग आता फिके झाले होते.

"तुले दुखलं होतं का?"

मला वाटलं त्या नाही म्हणतील. मोठी माणसं तसंच म्हणतात.

"दुखलं," त्या म्हणाल्या. "पण नाही हाललं तर लवकर होते."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, धरा आई. त्यांनी लुगड्याला हात पुसले आणि सम्यकचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यानंतर पहिल्यांदा. मी शीर चाचपली आणि सुई घातली. या घरात रक्ताचा थेंब दिसला की आमच्या काळजाचं पाणी व्हायचं, आणि आता आम्ही तिघं त्या बारीक नळीवर वाकून रक्ताचीच वाट बघत होतो.

"आलं," सासूबाई म्हणाल्या.

औषध हळूहळू आत गेलं. मी सुई काढली, कापूस दाबून धरला, पट्टी लावली. घोट्यावर बर्फ ठेवला, पाय उशीवर घेतला. शाळेला आज सुट्टी, असं जाहीर केलं. प्रवीण वळला, सगळे जागेवर आहेत हे बघून त्याने मोठा श्वास सोडला आणि पोहे करायला घेतले. तो कधी स्वयंपाकघरात जात नाही.

"आई, सोडा आता, झालं," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. सम्यकने त्या दिवशी पोहे डाव्या हाताने खाल्ले.